कॅसेट डिजिटल करताना आवाज नेमका कुठे हरवतो

घरोघरी हा उद्योग साधारण एकाच पद्धतीने बिघडतो. माळ्यावरची कॅसेटची पेटी खाली येते, कुणाचा तरी जुना टेपरेकॉर्डर मिळतो, लॅपटॉपला वायर जोडली जाते आणि मग सॉफ्टवेअरमध्ये जो सगळ्यात मोठा आकडा दिसेल तो निवडला जातो. १९२ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाभराची फाइल चार जीबीची होते, आवाज मात्र रजईखालून आल्यासारखा.

मीही हेच केलं होतं. आजोबांच्या कीर्तनाच्या २३ कॅसेट पंधरा दिवस बसून उतरवल्या आणि मोठ्या हौसेने आत्याला ऐकवल्या. दोन मिनिटं ऐकून ती म्हणाली, "अण्णांना तेव्हा पडसं झालं होतं का रे?" आकड्यांत काहीच चूक नव्हती. डेकच्या, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राच्या, हेडचा (टेप वाचणाऱ्या भागाचा) एक स्क्रू जेमतेम पाव फेरा फिरलेला होता. तेवीसच्या तेवीस कॅसेट पुन्हा कराव्या लागल्या.

तेव्हापासून मी एक क्रम ठरवून टाकला आहे. आवाजाचं जे काही नुकसान व्हायचं ते बहुतेक टेप आणि हेड यांच्या मध्येच होतं. पुढे आकड्यांच्या पायरीवर होतं ते त्या मानाने किरकोळ. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. पुढचा टप्पा आधी उरकला की मागचा परत करावा लागतो.

टप्पा १ : कॅसेट वाजवण्याआधी बघा

सगळ्यात आधी कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही पट्ट्या मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. कामं पुष्कळ आहेत, पण हे एक विसरलात तर बाकीच्यांना अर्थ नाही.

मग उजेडात धरून खिडकीतून आतली टेप पाहा. गुंडाळीच्या कडेवर पांढरट, पिठासारखा थर दिसला तर ती बुरशी. कोकणात, गोव्यात, मुंबईत चार पावसाळे माळ्यावर काढलेल्या कॅसेटमध्ये ती हमखास सापडते. अशा कॅसेट बाजूला काढा, मास्क लावून हाताळा आणि चांगल्या डेकमध्ये घालू नका. एका कॅसेटची बुरशी हेडवरून पुढच्या दहा कॅसेटना लागते. नुसती दमट वाटणारी कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात आठवडाभर ठेवा. उन्हात ठेवू नका, हेअर ड्रायर तर अजिबात नको.

कॅसेटच्या तोंडाशी मधोमध पितळी पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटमध्ये त्याचा गोंद सुटतो आणि तुकडा आतच कुठेतरी पडलेला असतो. मग आवाज येतो, जातो, परत येतो, आणि लोक वायर बदलत बसतात. स्क्रूवाली कॅसेट असेल तर उघडून दुसऱ्या निकामी कॅसेटमधला पॅड बसवता येतो.

टेप तुटलेली असेल तर ती जोडायला खास स्प्लायसिंग टेप मिळते, तीच वापरा. घरातली चिकटपट्टी लावली की तिचा गोंद हळूहळू पाझरतो आणि शेजारचे वेढेही चिकटतात.

शेवटी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे करून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी बसलेले वेढे सैल होतात आणि टेप सारख्या ताणाने फिरते. १२० मिनिटांच्या कॅसेटची टेप फार पातळ असते, तिला झपाझप पळवू नका. एका बाजूने साध्या वेगाने वाजवून काढणं बरं.

टप्पा २ : डेक साफ करा

आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी. हेड आणि त्याशेजारचा धातूचा बारीक दांडा पुसत राहा, काडीवर तपकिरी रंग यायचा थांबेपर्यंत. रबराच्या रोलरला अल्कोहोल शक्यतो लावू नका, रबर कोरडं पडून तडकतं. साबणाच्या पाण्यात किंचित ओली केलेली काडी फिरवून कोरड्याने पुसा.

डेक दहा-पंधरा वर्षं बंद असेल तर आतला बेल्ट एक तर ढिला झालेला असतो, नाहीतर त्याचं डांबर झालेलं असतं. तो बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

ऑनलाइन मिळणारे यूएसबीवाले स्वस्त कॅसेट प्लेअर मी दोन वापरून पाहिले आणि दोन्ही देऊन टाकले. यंत्रणा हलकी, वेग डळमळता. त्यापेक्षा जुन्या बाजारातला, दुरुस्त केलेला घरगुती डेक घ्या.

तपासणी : ज्यात पेटीचा किंवा तानपुऱ्याचा लांब सूर आहे अशी कॅसेट लावा. सूर लाटांसारखा वरखाली होत असेल तर दोष रोलरमध्ये, बेल्टमध्ये किंवा मोटरमध्ये आहे. कुठलंही सॉफ्टवेअर तो नीटसा काढू शकत नाही. आधी दुरुस्ती, मग रेकॉर्डिंग.

टप्पा ३ : हेडचा कोन जुळवा

हाच तो माझा पाव फेरा. हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात.

हेडमध्ये डोळ्यांना न दिसणारी एक उभी फट असते. ती टेपच्या धावण्याच्या दिशेशी बरोबर काटकोनात हवी. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने धावते. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक पूर्ण लाट टेपवर ०.००५ मिलिमीटरहून कमी जागेत बसते, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शातही तिची सोय होते. इतक्या बारीक लाटेवर फट किंचित तिरकी पडली की एकाच वेळी लाटेचा चढ आणि उतार दोन्ही वाचले जातात आणि ते एकमेकांना खाऊन टाकतात. खालचे सूर शाबूत राहतात, वरचे जातात. ऐकणाऱ्याला वाटतं, कॅसेट जुनी झाली.

मुख्य म्हणजे, तुमच्या डेकचा कोन कारखान्यात लावला तसा "बरोबर" असून भागत नाही. ती कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली, त्याच्या कोनाशी तो जुळायला हवा. मामाच्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट तिरक्या हेडने भरलेली असेल, तर वाजवतानाही हेड तितकंच तिरकं हवं. म्हणून ही जुळणी प्रत्येक कॅसेटला वेगळी करायची.

कशी करायची ते सांगतो:

१. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ज्याच्याखाली स्प्रिंग आहे तोच फिरवायचा, दुसऱ्याला हात लावायचा नाही. बऱ्याच डेकमध्ये दाराची पुढची प्लास्टिकची पट्टी वर सरकवून काढली की तो दिसतो. काही टेपरेकॉर्डरमध्ये त्यासाठी बारीक भोकच ठेवलेलं असतं.

२. स्क्रूच्या मूळ जागेवर नेलपॉलिशची खूण करा. चुंबकीय टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरू नका.

३. ऐकणं मोनोमध्ये करा. अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण नसेल तर विंडोज आणि मॅक दोन्हींच्या सेटिंगमध्ये मोनो ऑडिओचा पर्याय आहे; तो चालू करून लॅपटॉपवरून हेडफोनने ऐका (त्यासाठी लागणारी जोडणी टप्पा ४ मध्ये आहे, तेवढी आधी करून घ्या). कोन चुकला की डावा आणि उजवा आवाज एकमेकांच्या किंचित मागेपुढे पडतात आणि मोनोत एकत्र आले की वरचे सूर विरतात. त्यामुळे स्टिरिओत निसटणारी चूक मोनोत लगेच कानाला लागते.

४. कॅसेटवर 'स', 'श', 'च' ठसठशीत ऐकू येतील किंवा टाळ-चिपळ्या वाजत असतील अशी जागा शोधा. ती चालू ठेवून स्क्रू अगदी थोडा फिरवा, एक अष्टमांश फेऱ्याहूनही कमी. थांबा, ऐका. आवाज उजळत जाईल आणि एका जागेनंतर पुन्हा मंदावेल. त्या जागेच्या पुढे जाऊन मग मागे या, म्हणजे शिखर नेमकं कुठे आहे ते कळतं.

पहिल्यांदा हे ऐकाल तेव्हा दचकाल. टाळांची ठकठक होती तिथे एकदम किणकिण येते, आणि मागे कुणीतरी खोकत होतं तेही कळतं.

सावध : डेकवरचं डॉल्बीचं (टेपची खरखर कमी करणाऱ्या यंत्रणेचं) बटण या टप्प्यात बंद ठेवा. कोन जुळल्यावर, आणि कॅसेट डॉल्बीत भरलेली आहे याची खात्री असेल तरच, ते चालू करा. साध्या कॅसेटला डॉल्बी लावलं तर खरखर कमी झाल्याचा भास होतो, पण तिच्याबरोबर आवाजातलं तेजही जातं. घरी भरलेल्या बहुतेक कॅसेट साध्याच असतात. ऑटो-रिव्हर्सही बंद ठेवा आणि कॅसेट हाताने उलटा, कारण उलट दिशेला हेडचा कोन बदलतो.

तपासणी : वीस सेकंद रेकॉर्ड करून लाटा खूप मोठ्या करून पाहा. मूळ रेकॉर्डिंग मोनो असेल तर वरच्या (डाव्या) आणि खालच्या (उजव्या) आवाजाच्या पट्टीतली टोकं एकाखाली एक यायला हवीत. तिरकी सरकलेली दिसली तर स्क्रू अजून थोडा फिरवायचा आहे.

टप्पा ४ : जोडणी

डेकच्या लाइन आउटमधून ऑडिओ इंटरफेसच्या (आवाज आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणाऱ्या छोट्या पेटीच्या) लाइन इनमध्ये. बस्स.

लॅपटॉपचं कडेचं एकुलतं एक छिद्र हेडफोन आणि माइक यांचं एकत्र असतं. त्यातला माइक मोनो असतो आणि माइकच्या क्षीण आवाजासाठी केलेला असतो. लाइनचा जोरकस आवाज तिथे घातला की तो फाटतो, आणि सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल कमी केली तरी फाटलेलाच राहतो, कारण फाटणं आधीच झालेलं असतं. दोन लाइन इनपुट असलेला साधा इंटरफेस घ्या. महागडा घ्यायची गरज नाही.

लाइन आउट नसेल तर हेडफोनच्या छिद्रातून घ्या. व्हॉल्यूम साधारण निम्म्याच्या थोडा वर, बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद. ब्लूटूथने पाठवणं किंवा स्पीकरसमोर फोन धरणं, यांबद्दल काही लिहीत नाही.

घुंईऽऽ असा बारीक अखंड आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. बहुतेक वेळा तो तिथेच थांबतो. मग रेकॉर्डिंग बॅटरीवरच करा. त्यासाठी कुणी अर्थिंगची पिन काढायला सांगितलं तर ऐकू नका.

विंडोजमध्ये इनपुटच्या गुणधर्मांत जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. नाहीतर शांत जागी ते स्वतःहून आवाज चढवतं, आणि आलापाच्या मधल्या विरामात खरखर फुगत जाते.

टप्पा ५ : आकडे ठरवा

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला किती वेळा आवाजाची नोंद घ्यायची. जेवढा रेट, त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर पकडले जातात. ४४.१ किलोहर्ट्झला २२ किलोहर्ट्झपर्यंतचे, ४८ ला २४ पर्यंतचे. तरुण कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झच्या आसपास, आणि चाळिशी-पन्नाशीनंतर ती बरीच खाली येते. हवं तर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये १५ किलोहर्ट्झचा सूर तयार करून बारीक आवाजात वाजवा. घरातलं शाळकरी पोर कान झाकेल, आणि तुम्ही विचाराल, "सुरू केलंस का?" कॅसेटवर तर घरगुती रेकॉर्डिंगमध्ये १५ किलोहर्ट्झच्या वर बहुतेक नुसती खरखरच असते.

बिट म्हणजे प्रत्येक नोंद किती बारीक पट्टीने मोजायची. एक बिट म्हणजे साधारण ६ डेसिबल. १६ बिटला सगळ्यात मोठा आवाज आणि मोजणीतली खरखर यांत सुमारे ९६ डेसिबल अंतर पडतं. डॉल्बी नसलेल्या चांगल्या कॅसेटमध्ये हे अंतर ५०-५५, आणि लग्नात टेबलावर माइक ठेवून भरलेल्या कॅसेटमध्ये त्याहूनही कमी. टेपची खरखर इतकी वर असते की १६ बिटची तिच्याखाली कुठेतरी गाडलेली राहते.

मग २४ बिट कशाला? लेव्हल लावताना मोकळीक मिळावी आणि पुढे संपादन करताना चुका साचू नयेत म्हणून. माझा आकडा ठरलेला आहे: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. तासाला सुमारे १ जीबी. अभिलेखागारांसाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींत हीच किमान पातळी धरली आहे, आणि ९६ किलोहर्ट्झ त्याहून बरं म्हटलं आहे. डिस्कमध्ये जागा असेल तर ९६ खुशाल करा, काही बिघडत नाही. फक्त त्याने कोन चुकलेला आवाज उजळेल अशी आशा ठेवू नका.

सावध : सॉफ्टवेअरमध्ये ९६ लावलं आणि विंडोजच्या ध्वनी सेटिंगमध्ये ते इनपुट ४४.१ वर राहिलं, तर मधल्या मध्ये आकडा फुगवला जातो आणि कुणी काही सांगत नाही. दोन्हीकडे एकच आकडा ठेवा.

टप्पा ६ : लेव्हल

टेपवर भरताना काटा लालमध्ये थोडा गेला तरी चालायचं, उलट भरदार वाटायचं. ज्यांचे हात त्या सवयीचे आहेत ते इथे हमखास चुकतात. डिजिटलमध्ये शून्याच्या वर काही नाही. लाटेचं टोक सपाट कापलं जातं आणि तबल्याच्या थापेला 'टक्' असा कोरडा तडा जातो. कापलं गेलेलं परत मिळत नाही.

कॅसेटचा सगळ्यात मोठा आवाज कुठे आहे ते आधी शोधा. कीर्तनात तो गजराच्या वेळी असतो, मैफलीत टाळ्यांच्या वेळी, वाढदिवसाच्या कॅसेटमध्ये कुणीतरी माइक हातात घेऊन ओरडतं तेव्हा. त्या जागी टोक उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये बसवा आणि मग हात लावू नका.

"लेव्हल कमी ठेवली तर क्वालिटी जाईल" ही भीती फार पसरली आहे. हिशेब करून पाहा. समजा १६ बिटमध्ये चुकून टोक उणे ३० वर राहिलं. ९६ मधून ३० गेले, ६६ उरले. कॅसेटला लागतात ५५. म्हणजे इतक्या ढिसाळ लेव्हललाही कॅसेटमधलं काही सुटलेलं नाही, आणि तुम्ही तर २४ बिटवर आहात. कमी झालेलं नंतर वाढवता येतं.

टप्पा ७ : रेकॉर्डिंग

टेप सुरू व्हायच्या आधी पाच सेकंद रेकॉर्डिंग सुरू करा आणि बाजू संपल्यावर बंद करा. एक बाजू, एक फाइल. गाणी वेगळी करणं नंतर. लॅपटॉपचे नोटिफिकेशन आणि स्लीप बंद. खोली सोडून जाऊ नका. टेप गुंतते ती नेमकी चहा टाकायला उठलो की.

गाणं सुरू होण्याच्या आधी त्याची पुसट चाहूल ऐकू आली तर घाबरू नका. गुंडाळीतल्या शेजारच्या वेढ्यावर उमटलेली ती छाप आहे. ती टेपवरच आहे, तुमची चूक नाही.

टप्पा ८ : पहिली कॅसेट झाली की कानाची परीक्षा घ्या

बाकीच्या कॅसेट घ्यायच्या आधी हे करा, नंतर नाही. "९६ मध्ये जास्त मोकळं वाटतं" हे वाटणं खरं की फाइलचं नाव वाचून आलेलं, ते इथे ठरतं.

सगळ्यात चांगला एक मिनिट निवडा. टाळ, घुंगरू, तबल्याची चाट, टाळ्या असलेला. या परीक्षेपुरता तो २४ बिट ९६ वर रेकॉर्ड करा. तिचीच १६ बिट ४४.१ ची प्रत काढा, डिदर (बिट कमी करताना मिसळली जाणारी अगदी बारीक खरखर) चालू ठेवून. आणखी दोन प्रती एमपी३ च्या: ३२० आणि ६४ केबीपीएस (हा आकडा जितका लहान, तितका आवाज जास्त दाबलेला). आता तिन्ही प्रती परत २४ बिट ९६ च्या वेव्हमध्ये बदला, म्हणजे फाइलच्या आकारावरून ओळखता येणार नाही. आवाजाची पातळी सगळ्यांची तंतोतंत सारखी हवी. एखादी फाइल नुसती अर्धा-एक डेसिबल मोठी असली तरी कान तिलाच "चांगली" म्हणतो, आणि निम्म्या परीक्षा इथेच फुकट जातात.

एका वेळी दोनच फाइल तपासायच्या. घरच्या कुणाला तरी नाणं उडवून दोहोंतली एक वाजवायला सांगा, तुम्ही पाठमोरे बसा आणि ओळखा. असं १६ वेळा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर फरक ऐकू येतो असं मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहून कमी असते. ९ किंवा १० आले तर ते नाणंच बोलत होतं.

माझं काय झालं ते सांगतो. ६४ केबीपीएसचं एमपी३ १६ पैकी १६ वेळा ओळखलं. टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे येतात, एकदा ते कळलं की विसरता येत नाही. ३२० चं ९ वेळा. ९६ आणि ४४.१ मधलं ७ वेळा, म्हणजे डोळे मिटून बोट ठेवण्यापेक्षाही कमी. तुमचे कान माझ्याहून तरुण असतील, तुमचा निकाल वेगळा येऊ दे. पण जो येईल त्यावर पुढच्या सगळ्या कॅसेटचा आकडा ठरवा.

आणि एक जोडी आवर्जून घ्या: कोन जुळवण्याआधीचं रेकॉर्डिंग आणि नंतरचं. त्याला नाणं लागत नाही.

टप्पा ९ : पट्टी तपासा

बाहेरगावी टेपरेकॉर्डर सेलवर चालायचे. सेल उतरत गेले की भरताना टेप हळू फिरायची, आणि आता नीट वेगाच्या डेकवर तीच कॅसेट चढी आणि घाईची वाजते. आजी अचानक लहान मुलीसारखी बोलायला लागते ती यामुळे.

पेटी वाजत असेल तर तिचा सा घरच्या पेटीवर किंवा ट्यूनरवर शोधा. काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लटकत असेल तर वेग चुकला आहे. एक पूर्ण पट्टी चढली, म्हणजे काळी एकची पांढरी दोन झाली, तर वेग सुमारे ६ टक्के जास्त आहे. जुन्या पेट्या मुळातच थोड्या चढ्या-उतऱ्या असतात, तेव्हा अगदी केसाएवढ्या फरकामागे लागू नका; तीच पेटी अजून घरात असेल तर मात्र सोनंच. दुरुस्ती करताना वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्या. नुसती पट्टी उतरवली तर बोलण्याची घाई तशीच राहते. आणि हे मूळ फाइलवर नाही, प्रतीवर.

टप्पा १० : सफाई आणि साठवण

खरखर काढायचं बटण हातात आलं की माणूस थांबत नाही. टेपची खरखर आणि 'स', 'श'चा फुत्कार एकाच भागात राहतात. एक काढताना दुसरा जातोच. सहा-आठ डेसिबलच्या वर जाऊ नका. शांत जागी घंटांसारखी बारीक किलबिल ऐकू यायला लागली की जास्त झालं, मागे या.

मोनो कॅसेटचे डावे-उजवे एकत्र करायचे असतील तर टप्पा ३ ची तपासणी आधी करा. जुळत नसतील तर बेरीज करण्यापेक्षा दोनांतली स्वच्छ बाजू ठेवा.

मूळ वेव्ह फाइल कधीही बदलायची नाही, दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायची, त्यातली एक दुसऱ्या घरी. नावात वर्ष, गाव, बाजू. नातेवाइकांना एमपी३ द्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी पोचते.

कॅसेट टाकू नका. शेवटपर्यंत वाजवून झाली की मागे न गुंडाळता तशीच डबीत घाला आणि पुस्तकासारखी उभी ठेवा. डबीवर हेडच्या स्क्रूची खूण पेन्सिलने लिहून ठेवा: "खुणेपासून डावीकडे, निम्मा अष्टमांश." माझ्या २३ डबींवर तसं लिहिलेलं आहे, आणि क्रमांक ९ वर आत्याच्या अक्षरात पुढे "आता पडसं गेलं."